समुद्री शेवाळ, ओठावरचे फोड आणि नागीण : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी समुद्री शेवाळाबद्दल जेमतेम दोन ओळी लिहिल्या होत्या, की त्यातले काही चिकट पदार्थ हर्पिसच्या व्हायरसला अडवतात असं लॅबमध्ये दिसलंय. त्यावर एवढे मेल आणि पत्रं आली की यावेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. काही पत्रं वाचून वाईट वाटलं, कारण लोक दुखणं लपवून वर्षानुवर्षं सहन करतात आणि मग कुठलातरी व्हिडिओ बघून पैसे घालवतात. नावं मी मुद्दाम काढून टाकली आहेत.

प्रश्न : ताई, माझं वय ३४, ठाण्याला असते. कॉलेजपासून वर्षातून चार-पाच वेळा माझ्या ओठाच्या कडेला पाण्याचे फोड येतात. ताप आला, उन्हात फिरले, पाळी जवळ आली, ऑफिसात क्लोजिंग आलं की हमखास. आई म्हणते ताप फुटला. डॉक्टर हर्पिस म्हणाले आणि मी घरी येऊन रडले. आता एका व्हिडिओत बघितलं की शेवाळाच्या कॅप्सूलनी हर्पिसचा व्हायरस मरतो, तीन महिन्यांचा कोर्स साडेचार हजारांना आहे. घेऊ का?

आधी रडण्याचं बघू. ओठावरचा हर्पिस म्हणजे हर्पिस सिम्प्लेक्स टाइप वन, आणि जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा आहे की जगात पन्नास वर्षांखालच्या माणसांपैकी ६४ टक्के लोकांच्या अंगात तो आहे, म्हणजे सुमारे ३८० कोटी माणसं. बहुतेकांना तो लहानपणी मिळतो, घरातल्या कुणीतरी पापा घेतला, उष्टं भरवलं, झालं. तुम्ही काही वाईट केलंय म्हणून तो आलेला नाही, त्यामुळे हा शब्द ऐकून मान खाली घालायचं काहीच कारण नाही.

कॅप्सूल घेऊ नका, हे माझं सरळ उत्तर. पण का ते नीट सांगते, कारण व्हिडिओवाल्यांनी जे उचललंय त्याच्या मुळाशी खरं सायन्स आहे आणि ते मला स्वतःला फार आवडतं.

व्हायरसला आपल्या पेशीत शिरायचं तर आधी पेशीला चिकटावं लागतं. आपल्या पेशींच्या अंगावर हेपरान सल्फेट नावाच्या बारीक साखळ्या असतात, त्यांच्यावरच्या सल्फेटमुळे तिथे निगेटिव्ह चार्ज असतो, आणि हर्पिसच्या बाहेरच्या आवरणावर जी जीबी आणि जीसी नावाची प्रोटीन्स आहेत ती बरोबर ह्या साखळ्यांना पकडतात. आता समुद्री शेवाळ बघा. लाल शेवाळात कॅराजीनन असतं, तपकिरी शेवाळात फ्युकॉइडन, हिरव्यात उल्व्हान, तिघांची घडण वेगळी पण तिघंही साखरेच्या रेणूंच्या लांबच लांब माळा आणि तिघांवरही सल्फेट लागलेलं. व्हायरसच्या दृष्टीने ते हेपरान सल्फेटसारखंच, म्हणून तो पेशीऐवजी त्यालाच जाऊन चिकटतो. गवतातून चालताना कुसळं धोतराला चिकटतात ना, तसंच समजा, पण धोतरावर आधीच गोणपाट गुंडाळलं तर कुसळं गोणपाटालाच लागतील आणि धोतर वाचेल, शेवाळातला हा पदार्थ म्हणजे ते गोणपाट.

आणि हे काही काल-परवाचं नाही. १९५८ साली जेलिडियम नावाच्या लाल शेवाळाच्या अर्काने कोंबडीच्या अंड्यातली पिल्लं इन्फ्लुएंझा बी आणि गालगुंडाच्या व्हायरसपासून वाचतात असं छापून आलं. मग १९७४ मध्ये अमेरिकेत लाल शेवाळाचे अर्क हर्पिसवर करून बघितले आणि ते चालले. तिथून पुढे जपान, अर्जेंटिना, ब्राझील, ऑस्ट्रेलिया, भारत, सगळीकडे हे काम झालं.

मग कॅप्सूल का नको? कारण तुमच्या ओठावर जेव्हा फोड येतो तेव्हा व्हायरस बाहेरून आलेलाच नसतो. तो पहिल्यांदा आला तेव्हाच ओठाच्या नसेतून, म्हणजे मज्जातंतूतून, वर चढून कवटीच्या तळाशी, चेहऱ्याच्या मुख्य नसेची जी गाठ असते तिच्यात जाऊन झोपला. ताप, ऊन, पाळी, जागरण ह्यातलं काही झालं की तो जागा होतो आणि त्याच नसेच्या आतून खाली ओठापर्यंत येतो. म्हणजे चोर घरातच राहतोय आणि आपण बाहेरच्या दाराला कुलूप घालतोय. शिवाय हे रेणू इतके मोठे असतात की पोटातून रक्तात फारच थोडे जातात, तुम्ही गिळलेल्या कॅप्सूलमधलं फ्युकॉइडन नसेतल्या त्या गाठीपर्यंत पोचून झोपलेल्या व्हायरसला मारतं असं कुणीही दाखवलेलं नाही.

व्हिडिओत ज्या "माणसांवरच्या प्रयोगा"चं नाव घेतात तो बहुतेक २००२ चा, टास्मानियातल्या वाकामे जातीच्या शेवाळापासून केलेल्या पावडरीचा. त्यात हर्पिसच्या वेगवेगळ्या व्हायरसचे मिळून वीसएक पेशंट होते, काहींना बरं वाटलं, पण ज्यांना औषध नसलेली नुसती साधी गोळी दिलीय असा दुसरा गटच त्यात नव्हता. आणि ओठावरचा फोड आठ-दहा दिवसांत आपला आपणच बरा होतो, मग तो शेवाळाने बरा झाला की वेळेने, हे कळणार कसं?

असायक्लोव्हिर किंवा व्हॅलासायक्लोव्हिर ही गोळी पेशीच्या आत काम करते, व्हायरस स्वतःच्या कॉप्या काढायला लागला की तिथेच त्याला अडवते. झोपलेल्या व्हायरसला तीही काढू शकत नाही, हेही सांगून ठेवते. पण ओठ चुणचुणायला लागला, फोड अजून दिसतही नाही, तेव्हाच घेतली तर फरक पडतो, म्हणून डॉक्टरांकडून चिठ्ठी आधीच लिहून घ्या आणि गोळ्या पर्समध्ये ठेवा. वर्षातून याहून जास्त वेळा व्हायला लागलं तर रोजच्या छोट्या डोसबद्दल त्यांना विचारा. उन्हात जाताना सनस्क्रीनवाला लिप बाम लावा. फोड असताना बाळांचा पापा घेऊ नका, फोडाला लावलेला हात डोळ्याला लावू नका, डोळ्यातला हर्पिस वाईट असतो, बुबुळावर डाग पडून नजर जाऊ शकते.

प्रश्न : नमस्कार मॅडम, मी एम.एस्सी.ला आहे, रत्नागिरी. आपल्या किनाऱ्यावरच्या शेवाळावर असं काही काम झालंय का, का सगळं फॉरेनचंच? प्रोजेक्टला घेता येईल का?

तुझं पत्र वाचून फार बरं वाटलं, कारण हे विचारणारी मुलं कमी भेटतात. झालंय की! आणि चांगलं झालंय. पश्चिम बंगालच्या बर्दवान युनिव्हर्सिटीतल्या केमिस्ट्रीच्या लोकांनी भारताच्या किनाऱ्यावरची शेवाळं घेऊन त्यातले पॉलिसॅकराइड, म्हणजे वर सांगितलेल्या साखरेच्या माळा, वेगळे काढले, त्यांची घडण शोधली, आणि हर्पिसवरच्या बहुतेक टेस्ट अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयर्सच्या व्हायरॉलॉजीवाल्यांबरोबर मिळून केल्या. ग्रॅसिलारिया कॉर्टिकाटावरचं काम २००२ चं, मग कॉलर्पा रेसिमोसा, ग्रॅटेलोपिया इंडिका, सिस्टोसिरा इंडिका, सायनाया हातेई, सरगॅसम टेनेरिमम असं एकामागून एक २०१० पर्यंत येत राहिलं. ह्यातली ग्रॅसिलारिया कॉर्टिकाटा, कॉलर्पा आणि सरगॅसम तर तू रोज बघत असशील.

थंडीत अमावस्येच्या उधाणाला सकाळची मोठी ओहोटी लागली की खडपावर, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांवर जा. पाणी मागे गेलं की आधी सरगॅसमचे तपकिरी झुपके दिसतात, त्यांच्या पानांमध्ये मिरीएवढे हवेचे फुगे असतात, बोटांनी दाबले की टचकन फुटतात. जरा पुढे, लाटा थेट आपटतात त्या कड्यांवर ग्रॅसिलारिया असते, किरमिजी, चपट्या फांद्या फुटलेली, हातात घेतली की रबरासारखी ओढली जाते पण पटकन तुटत नाही. ही गोड्या पाण्यात धुवून सावलीत वाळवायची, दळायची आणि गरम पाण्यात तासभर ठेवायची, मग गाळून त्या पाण्यात अल्कोहोल ओतलं की ढवळता ढवळता पांढरट तंतूंचा गुंता वर येतो, काचेच्या कांडीला गुंडाळून बाहेर काढता येतो. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला साखरेच्या म्हातारीच्या केसांची आठवण झाली होती. तोच तो पदार्थ.

पुढची टेस्ट अशी असते. प्लास्टिकच्या प्लेटच्या खळग्यांमध्ये आफ्रिकन ग्रीन माकडाच्या मूत्रपिंडापासून आलेल्या व्हेरो पेशी वाढवतात, तळाला त्यांची एकसलग चादर तयार होते. वरून मोजून व्हायरस टाकायचा, दोन-तीन दिवस थांबायचं, मग क्रिस्टल व्हायोलेटचा रंग घालायचा. जिवंत पेशी जांभळ्या होतात आणि जिथे व्हायरसने पेशी मारल्यात तिथे चादरीला पांढरी भोकं दिसतात, ती डोळ्यांनी मोजायची. अर्क घातलेल्या खळग्यात भोकं निम्मी झाली की तेवढी मात्रा लिहून ठेवायची. ह्या शेवाळांत ती मात्रा बऱ्याचदा मिलीलिटरला काही मायक्रोग्रॅम इतकीच निघालीय, आणि तेवढ्यात पेशींना स्वतःला काही होत नाही, हे महत्त्वाचं, कारण पेशी मारून व्हायरस मेला तर त्याला औषध म्हणत नाहीत.

पण माझ्या मते ह्यातला सगळ्यात शिकण्यासारखा प्रयोग वेगळाच आहे, अर्क कधी घातला त्याचा. व्हायरसबरोबरच घातला तर भोकं जवळजवळ नाहीशी होतात. व्हायरस घालून, तो पेशीत शिरायला वेळ देऊन मग घातला की तोच अर्क, तीच मात्रा, आणि परिणाम खूप कमी. म्हणजे दारातच अडवतो, आत गेलेल्याला नाही. आणि केमिस्ट्रीने सल्फेट काढून टाकलं तर दारातलं अडवणंही जातं. एवढ्या साध्या दोन प्रयोगांनी पूर्ण यंत्रणा उलगडते.

प्रोजेक्टला घ्यायचं तर जिवंत हर्पिस हाताळायला बायोसेफ्टी लेव्हल टूची लॅब आणि सेल कल्चर लागतं, ते नसेल तर त्याच्या मागे लागू नकोस. तू एकाच जागेवरून एकच जात दर महिन्याला गोळा कर आणि त्यात सल्फेट किती निघतं ते मोज, साधी बेरियम क्लोराइडची पद्धत आहे. शेवाळातली ही मात्रा महिन्याप्रमाणे, जागेप्रमाणे बदलते, आणि "शेवाळाचा अर्क" म्हणून बाटलीत जे विकतात त्यात नक्की काय आणि किती आहे हा प्रश्न तिथूनच सुरू होतो. एक विनंती, खडपावरून सगळं खरवडून आणू नकोस, कात्रीने वरचं काप, बुडखा राहू दे, पुढच्या वर्षी तिथेच परत फुटेल.

प्रश्न : आईचं वय ६८. काल कमरेला उजवीकडे आग आग व्हायला लागली आणि आज पट्ट्यासारखे फोड आलेत. शेजारच्या काकू म्हणतात नागीण आहे, डॉक्टरचं औषध चालत नाही, गेरू लावा आणि एका माणसाकडे नेऊन मंत्र घाला, तोंड आणि शेपटी जुळली तर माणूस जातो म्हणे. भाऊ म्हणतो शेवाळाचा जेल ऑनलाइन मागवू. काय करू? (सांगली)

ह्या बाईंना मी मेल आला त्याच रात्री उत्तर पाठवलं होतं, थांबण्यासारखं नव्हतंच. इथे सगळ्यांसाठी परत लिहितेय.

आजच डॉक्टरकडे न्या, आज म्हणजे आजच. नागीण हाही हर्पिस कुळातलाच व्हायरस, व्हॅरिसेला झोस्टर. लहानपणी ज्या कांजिण्या आल्या त्याचाच व्हायरस मणक्याजवळच्या नसेच्या गाठीत पन्नास-साठ वर्षं झोपून राहतो आणि वय झालं, प्रतिकारशक्ती उतरली की उठतो. फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत व्हायरसवरची गोळी सुरू झाली तर फोड लवकर सुकतात, दुखणं लवकर उतरतं. मंत्र, गेरू, जेल ह्यांत जे जातात ते नेमके हेच तीन दिवस. मग फोड बरे होतात पण आग राहते, कधी महिने, कधी वर्षं, साडीचा काठ लागला तरी बाई कळवळते.

तोंड-शेपटी जुळायचं म्हणाल तर, व्हायरस ज्या एका नसेतून येतो ती नस शरीराच्या एकाच बाजूला पसरलेली असते, पाठीच्या मध्यापासून पोटाच्या मध्यापर्यंत, म्हणून पट्टा अर्ध्यावर थांबतो. तो थांबतो तेव्हा मंत्र घालणाऱ्याला श्रेय मिळतं, खरंतर तो तिथेच थांबणार असतो. पट्टा दोन्हीकडे किंवा अंगभर पसरत असेल तर प्रतिकारशक्ती फारच खालावली आहे असं समजायचं आणि तेव्हा तर हॉस्पिटलच गाठायचं.

गेरूचं मी स्वतः बघितलंय. माझ्या सासूबाईंना नागीण झाली तेव्हा घरातल्यांनी गेरू आणि वाटलेल्या दुर्वांचा लेप दिला, मी तेव्हा कामासाठी पुण्यात होते. आले तेव्हा चौथा दिवस. लेप वाळून खपली झालेला, खाली पू, आणि डॉक्टरांना तो कोमट पाण्याच्या बोळ्याने भिजवून भिजवून अर्धा तास काढावा लागला, सासूबाईंनी माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटांचे वळ दोन दिवस गेले नाहीत. प्रेमाने केलेलं होतं सगळं, कुणाला दोष देत नाही, पण ते चार दिवस परत मिळाले नाहीत. पुढे वर्षभर त्यांना आग होत होती.

शेवाळाचा जेल लावायचं तर विचारच सोडा, इथेही व्हायरस आतून नसेतून येतोय, वरून लावलेला जेल तिथवर पोचत नाही. फोड कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर आले तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं, नाकाच्या शेंड्यावरचे फोड ही डोळ्याला धोका असल्याची खूण मानतात. ज्यांना कांजिण्या झालेल्या नाहीत अशी लहान मुलं आणि गरोदर बायका फोड सुकेपर्यंत लांब राहू द्या, त्यांना ह्यातून नागीण होणार नाही पण कांजिण्या होऊ शकतात. आणि नागिणीवर लस आहे, २०२३ पासून भारतात मिळते, पन्नाशीनंतर दोन डोस घ्यायचे असतात, महाग आहे पण काम चांगलं करते. आई पूर्ण बरी झाली की डॉक्टरांना विचारून तिलाही देता येईल, आणि काकूंनाही सांगा.

प्रश्न : चायना ग्रासची जेली आणि आइस्क्रीम खाऊन फायदा होईल का? त्यात शेवाळच असतं असं वाचलं.

असतं, बरोबर वाचलंय. चायना ग्रास म्हणजे अगार, लाल शेवाळाचंच, पण त्याच्यावर सल्फेट फार थोडं असतं. आइस्क्रीम आणि चॉकलेट दुधाच्या पाकिटावर स्टॅबिलायझर ४०७ असं दिसलं तर ते कॅराजीनन. जेली आवडते म्हणून खा, हर्पिससाठी नको.

प्रश्न : लिहायला लाज वाटतेय पण तुमच्याशिवाय कुणाला विचारू. लग्नाला दोन वर्षं झाली, मिस्टरांना खालच्या बाजूचा हर्पिस आहे, त्यांनी लग्नाआधी सांगितलं होतं. मला अजून नाही. आम्हाला आता मूल हवंय. बाहेरच्या देशात शेवाळाचा जेल बायकांसाठी निघालाय असं कळलं, तो वापरला तर मी सुरक्षित राहीन का?

लाज कसली, तुमच्या मिस्टरांनी आधी सांगितलं आणि तुम्ही ते समजून घेऊन लग्न केलंत, ह्यातच तुमच्या संसाराची ताकद दिसते.

तुमचा प्रश्न मात्र एकदम नेमका आहे, कारण शेवाळाचं खरं काम असलंच तर ते इथे आहे, व्हायरस बाहेरून येतोय आणि त्याला दारात अडवायचंय. उंदरांमध्ये हे छान दिसलंय, कॅराजीननचा जेल आधी लावला तर टाइप टू हर्पिस, जो बहुधा खालच्या बाजूला होतो, तो लागत नाही. माणसांत मोठा प्रयोग झाला तो दक्षिण आफ्रिकेत, कॅरागार्ड नावाच्या कॅराजीननच्याच जेलचा, पण तो एचआयव्हीसाठी होता, ६,२०२ बायका होत्या, २००८ मध्ये निकाल आला. जेल सुरक्षित निघाला पण एचआयव्ही त्याने थांबला नाही. त्यातली एक गोष्ट मला अजून आठवते. बायकांना विचारलं तर जवळजवळ सगळ्या म्हणाल्या की मागच्या संबंधाच्या वेळी वापरला होता, पण वापरलेल्या ॲप्लिकेटरवर रंग टाकून तपासलं तेव्हा सरासरी ४२ टक्के वेळाच वापरला गेलेला निघाला. त्या खोटं का बोलल्या असतील ते आपल्याकडच्या बायकांना सांगायला नको, घरात जागा नाही, नवऱ्याला आवडत नाही, ऐनवेळी उठून कोण जाणार. औषध कितीही चांगलं असलं तरी ते वापरणारीचं घर कसं आहे तेही बघावं लागतं.

त्याच सुमाराला सेल्युलोज सल्फेटचा, म्हणजे शेवाळाचा नाही पण त्याच विचाराचा, एक जेल आफ्रिकेत आणि भारतातल्याही दोन ठिकाणी तपासत होते, तो २००७ च्या सुरुवातीला मध्येच थांबवला कारण जेलवाल्या बायकांमध्येच एचआयव्ही जास्त होतोय की काय अशी शंका आली. "नैसर्गिक आहे, बाहेरूनच तर लावायचंय, नुकसान काय होणार" हे वाक्य कुणी म्हटलं की मला हे आठवतं. आता ग्रिफिथसिन नावाचं एक प्रोटीन, न्यूझीलंडच्या लाल शेवाळात सापडलेलं, ते कॅराजीननबरोबर देऊन टाइप टूवर उंदरांमध्ये चांगले निकाल आलेत. माझं त्याकडे लक्ष आहे, पण तुम्हाला आज दुकानातून आणून भरवसा ठेवता येईल असं काही नाही.

आज जे आहे ते असं. तुमच्या मिस्टरांनी रोज व्हॅलासायक्लोव्हिर घेतलं तर तुम्हाला लागण होण्याची शक्यता साधारण निम्मी होते, १,४८४ जोडप्यांवर हा अभ्यास झालाय, २००४ मध्ये आला. फोड असताना, आणि यायच्या आधीची चुणचुण असताना, संबंध ठेवायचे नाहीत. कंडोमने धोका कमी होतो, पण तुम्हाला मूल हवंय म्हणून सुपीक दिवसांपुरताच तो सोडायचा असं डॉक्टरांबरोबर बसून ठरवता येतं. आणि आधी तुमची रक्ताची तपासणी करून घ्या, कित्येकांना लागण होऊन गेलेली असते आणि कधी फोडच आलेला नसतो. दिवस राहिले की पहिल्याच भेटीत बाळंतपणाच्या डॉक्टरांना सगळं सांगा. सगळ्यात धोका असतो तो आईला शेवटच्या महिन्यांत पहिल्यांदा लागण झाली तर, बाळ जन्मताना त्याला लागू शकतो आणि बाळांना तो फार जड जातो, म्हणून ते शेवटचे तीन महिने तरी संबंध टाळलेले बरे. दोघं मिळून डॉक्टरकडे जा, एकट्या जाऊ नका.

प्रश्न : मला थायरॉइड आहे, गोळी चालू आहे. मुलीने अमेरिकेहून केल्पची पावडर आणलीय, प्रतिकारशक्तीसाठी. घेऊ ना?

नको. केल्प हे तपकिरी शेवाळ समुद्रातलं आयोडिन साठवतं. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडिन पुरतं आणि केल्पच्याच कोम्बू जातीच्या एका ग्रॅममध्ये त्याच्या दहापट किंवा जास्तही निघू शकतं, तुमची थायरॉइडची गाडी त्याने कुठल्याही बाजूला कलंडू शकते. हिजिकी नावाचं जपानी शेवाळ असेल तर ते थायरॉइड नसणाऱ्यांनीही खाऊ नये, त्यात आर्सेनिक असतं, ब्रिटनच्या अन्न खात्याने २००४ सालीच तसं सांगितलंय. आणि घरात कुणी रक्त पातळ होण्याची गोळी घेत असेल तर फ्युकॉइडनच्या कॅप्सूल लांब ठेवा, ते हेपरिनसारखंच रक्त गोठू देत नाही. मुलीला रागावू नका हो, काळजीनेच आणलंय तिने.

प्रश्न : मी शाळेत विज्ञान शिकवतो, मालवण तालुका. मुलांनी विचारलं, समुद्रातून खरोखर कधी हर्पिसचं औषध मिळालंय का? मला सांगता आलं नाही.

मिळालंय सर, आणि मुलांना सांगण्यासारखी गोष्ट आहे, फक्त ते शेवाळातून नाही, स्पंजातून मिळालं. १९४५ साली वर्नर बर्गमन नावाच्या केमिस्टला फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात एक स्पंज मिळाला. तो त्याने सॉल्व्हंटमध्ये उकळला तर एक स्फटिकासारखा पदार्थ खाली बसला. आपल्या डीएनएमध्ये जे तुकडे असतात तसाच तो होता, पण त्यातली साखर वेगळी, अराबिनोज. तोवर सगळे समजत होते की अशा तुकड्यांना रायबोज किंवा डीऑक्सिरायबोज हीच साखर लागते, दुसरी चालतच नाही. स्पंजाने दाखवलं की चालते.

मग केमिस्ट लोकांनी तशाच वेगळ्या साखरेचे तुकडे लॅबमध्ये करायला घेतले. १९६० मध्ये त्यातला एक, विडाराबिन, कॅन्सरसाठी म्हणून बनवला, १९६४ मध्ये फ्रान्समध्ये कळलं की तो हर्पिसच्या व्हायरसला अडवतो. व्हायरस स्वतःचा डीएनए विणायला बसला की हा चुकीचा तुकडा आत जातो आणि वीण थांबते. १९७६ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. हर्पिस मेंदूत गेला तर तेव्हा दहातले सात पेशंट दगावायचे, १९७७ मध्ये छापलेल्या एका छोट्या चाचणीत विडाराबिन दिलेल्यांत ते प्रमाण २८ टक्क्यांवर आलं. पण ते पाण्यात नीट विरघळायचं नाही, सलाइनच्या बाटल्यांवर बाटल्या चढवाव्या लागायच्या, आणि पुढे असायक्लोव्हिर आलं ते त्याहून सरस ठरलं, १९८६ मध्ये दोन्ही शेजारी ठेवून तपासलं तेव्हा स्पष्टच झालं. असायक्लोव्हिर ज्या प्रयोगशाळेत तयार झालं तिथल्या गर्ट्रूड एलियन ह्यांना १९८८ चं नोबेल मिळालं.

आणि मुलांना हे नक्की सांगा, विडाराबिन माणसाने आधी लॅबमध्ये बनवलं, आणि १९८४ मध्ये तोच रेणू, जसाच्या तसा, भूमध्य समुद्रातल्या एका पंख्यासारख्या मऊ प्रवाळात सापडला. तुमच्या मालवणच्या खडपांवर स्पंज आहेत, ओहोटीला कपारीत नारिंगी, जांभळे, भोकाभोकांचे दिसतात. मुलांना घेऊन जा आणि हात न लावता दाखवा.